वेशीबाहेरची भाकरी

(गंगाखेड येथे महिला दिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जनाबाईच्या गावात बोलायला उभी आहे, म्हणून आधी एक कबुली देते. २०२० च्या मार्चमध्ये आमच्या गावानं वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होते. बाहेरून येणारा रोग घेऊन येतो, एवढंच डोक्यात होतं. बाहेरचे म्हणजे कोण, हे एकीनंही विचारलं नाही.

बाहेरचे म्हणजे आमचेच. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठकडून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या हातात, मोळी तिच्या डोक्यावर, हे तुम्हाला सांगायला नको. २३ मार्चला राज्यानं जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपासून देश बंद झाला. टोळ्या जिथल्या तिथे अडकल्या. १७ एप्रिलला परतायची परवानगी निघाली, तोवर राज्यातल्या कारखान्यांवर लाखाच्या वर माणसं अडकलेली होती.

ट्रक परळीच्या रस्त्यानं येऊन जिल्ह्याच्या हद्दीवर थांबू लागले. कागद कमी पडला की तासन्‌तास. आमचं भजनी मंडळ भाकऱ्या आणि पिठलं घेऊन जाऊ लागलं. पंचवीस एप्रिलला रमजान लागला. शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायका रोजा धरून आमच्यासाठी भाकऱ्या थापत होत्या. ते दिवस आठवा, मुसलमानांच्या नावानं काय काय उठवलं जात होतं! आमच्यातल्याच एकीनं त्यांची टोपली वेगळी ठेवा म्हटलं. मंडळातल्या सर्वांत म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "इठोबा जात्याला बसला तव्हा त्यानं जनीची जात पुसली नव्हती. म्या कशाला पुसू?" टोपल्या एकत्र झाल्या. बुवांना हे नंतर कळलं आणि फारसं रुचलं नाही, पण ते असो.

एका ट्रकमधल्या बाईनं भाकरी घेतली, पाणी मात्र घेतलं नाही. "ताई, पानी पेलं की बसाया जावं लागतं, अन् खाली उतरू देत न्हाईत." दोन दिवसांचा प्रवास, त्यात तिची पाळी आलेली. आम्ही इतके दिवस पुण्य कमावत होतो आणि हे आमच्या, बायकांच्या, ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बांबू रोवून जुन्या लुगड्यांचा आडोसा केला, घडे आणि कपडे ठेवले. भाकरीपेक्षा त्याची गरज जास्त होती.

ती बाई आमच्याच गावची निघाली. मला तोंडावरून ओळखू आली नाही, उन्हानं इतकी करपली होती. गावात घेणार नाहीत, हे तिला मीच सांगितलं. चौदा दिवस ती लेकीला घेऊन रानातल्या झाडाखाली राहिली. मी रोज भाकरी लांब ठेवून यायची. शाळेच्या खोल्या रिकाम्या होत्या. त्यांची किल्ली मागायचं धाडस मला झालं नाही.

आठ मेला करमाडजवळ मालगाडीखाली मध्य प्रदेशचे सोळा मजूर गेले. जालन्याहून पायी निघालेले, रुळांवर झोपलेले. तीच लाईन आपल्या परभणीहून जाते. रुळांवर सांडलेल्या चपात्या पेपरात पाहिल्या. त्यांनाही वाटेत कुणीतरी भाकरी दिली असेल, असं मनात आलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत नेलेल्या कामगारांसाठी १९७९ चा कायदा तेव्हा होता. प्रवासखर्च द्या, नोंद ठेवा, असं त्यात होतं. कर्नाटकात जाणाऱ्या आमच्या किती जणींची नोंद कुणी ठेवली होती? आणि कोल्हापूरला जाणारीला तर तोही लागू नव्हता, कारण तिनं राज्याची सीमा ओलांडलेली नव्हती. तिला अडवायला मात्र जिल्ह्याची सीमा पुरली.

नंतर एकदा विहिरीवर ती बाई मला म्हणाली, "तुमची भाकर ग्वाड लागली ताई. पर काटी तुम्हीच टाकली व्हती ना?" मी हो म्हणाले.

महिनाभरात टोळ्या परततील. दाराशी वही ठेवली आहे. आपल्या गावातून कोण गेलंय, कुठल्या कारखान्यावर, मुकादम कोण, घरी म्हातारं-पोर कोण राहिलंय, ते जाताना लिहून जा. शाळेची किल्ली कुणाकडे असते, तेही लिहा.