मेणाची डबी आणि मेणाचा डबा

(देवास येथील व्याख्यानमालेत एका व्यावसायिक सौंदर्यतज्ज्ञ महिलेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर बसलेल्या काकू-मावशी, माझ्या वयाच्या वहिनी, धारहून बस बदलून आलेल्या माझ्या विद्यार्थिनी, आणि विषय ऐकूनही उठून न गेलेले मागच्या रांगेतले काका, सगळ्यांना नमस्कार.

माझ्या आजीच्या फणेरपेटीत एक पितळी डबी होती. तिच्यात मधमाशीचं मेण असायचं. सकाळी आंघोळ झाली की ती आरशासमोर बसायची, अनामिकेनं मेणाचा ठिपका कपाळावर गोल फिरवायची आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवायची. संध्याकाळपर्यंत कुंकू हलायचं नाही. आपल्या देवासच्या जुन्या मराठी घरांत, संस्थानाच्या थोरल्या पातीकडली असोत की धाकट्या पातीकडली, अशी फणेरपेटी सापडेल. त्या डबीत एकाच बाईचं बोट जायचं. आईची डबी वेगळी, काकूची वेगळी. कुणी तसा नियम लिहून ठेवला नव्हता, पण दुसरीच्या डबीत बोट घालायचं नाही हे लहान मुलींनाही कळायचं.

मी पार्लर सुरू केलं १९९०च्या दशकात. माझ्याकडेही मेण होतं, केस काढायचं वॅक्स, पण डब्यात. त्या एका डब्यातून दिवसभरात दहा-पंधरा जणींचे हातपाय व्हायचे. सुरी डब्यात बुडवायची, हातावर ओढायची, पट्टी लावून खेचायची आणि तीच सुरी पुन्हा डब्यात. आजीच्या डबीचा नियम मी माझ्या डब्याला लावला नाही. लावायला हवा होता, हे कळायला मला काही वर्षं लागली. आज मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे.

आधी थोडं मागे जाते. अंगावरचे केस काढणं हे पार्लरवाल्यांचं खूळ आहे, असं पुष्कळ सासवा म्हणतात. पण सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेवरच्या साठ उपचारांमध्ये केस काढण्याचा उपचार आहे. तिथे एक लेपही दिला आहे. शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबट द्रवात वाटलेलं. हरताळ म्हणजे सोमलाचं संयुग, विषारी. तो लेप कुणी घरी करू नका. पण वैद्यानं तो का सांगितला ते बघा. जखमेत केस गेला की जखम भरत नाही, म्हणून. केस आणि जखम यांचं नातं त्यांनी ओळखलं होतं. आपल्या घरांत तान्ह्या बाळाच्या पाठीवर आणि कपाळावर कणकेचा गोळा फिरवतात, तोही केस काढण्याचाच मऊ प्रकार.

मी सुरुवातीला वापरायचे ते वॅक्स घरीच शिजायचं. साखर, लिंबाचा रस, थोडं पाणी. पाक एकतारी, दोनतारी करत पुढे न्यायचा. बशीतल्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते बघायचं, अगदी लाडवांचं करतो तसं. पाणी १०० डिग्रीला उकळतं, पण पाक गोळीबंद होईपर्यंत ११५च्या आसपास जातो, आणि पाण्यासारखा ओघळून जात नाही, अंगाला चिकटून राहतो. त्यामुळे घाईत असलेल्या पार्लरात भाजण्याचे प्रसंग पाकाच्या वॅक्सनं जास्त व्हायचे. पट्ट्या असायच्या जुन्या जीन्सच्या. गरम पाण्यात भिजवायच्या, धुवायच्या, दोरीवर वाळवायच्या आणि उद्या दुसऱ्या बाईला. आज हे सांगताना मला त्रास होतो, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आता डब्याबद्दल. वॅक्स गरम असतं, त्यात जंतू कसे जगतील, असं माझ्या विद्यार्थिनी विचारतात. मी म्हणते, जे वॅक्स तुमच्या त्वचेला सोसतं, ते बऱ्याच जंतूंनाही सोसतं. हीटरमध्ये ते निर्जंतुक होत नाही. केस मुळातून निघतो तेव्हा प्रत्येक छिद्र थोडा वेळ उघडं राहतं, कुठे डोळ्याला न दिसणारा रक्ताचा ठिपका येतो. सुरी तिथून डब्यात गेली की तो ठिपकाही डब्यात गेला. कावीळ ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू तर निरोगी माणसाच्या नाकातही असतो. केसांच्या मुळाशी पुळ्या उठवायला तो पुरेसा असतो.

उपाय साधा आहे. लाकडी काडी, आइस्क्रीमची असते तशी, डब्यात एकदाच जाते. अंगाला लागली की कचऱ्यात. पुन्हा बुडवायला नवी काडी. ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांनी एका बाईपुरतं वॅक्स छोट्या वाटीत काढून घ्यावं आणि उरलेलं टाकून द्यावं. डब्यात परत ओतू नये. कापडी पट्ट्या बंद करून कागदासारख्या एकवेळच्या पट्ट्या. हातात मोजे, प्रत्येक बाईला नवे. काम करणाऱ्या मुलीनं कावीळ ‘बी’ची लस घ्यावी. त्या लशीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला मी कात्री धरायला शिकवण्याआधी हे विचारते. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगते, काडी परत डब्यात जाताना दिसली तर हात मागे घ्या. संकोच करू नका. पार्लरवाली रागावली तर रागावू द्या.

वॅक्सच्या नावांनी भुलू नका. हनी, चॉकलेट, रिका, अशी मागणी येते. मला त्यात एकच गोष्ट बघायची असते. हे पाण्यानं निघतं की तेलानं? पाण्यानं निघतं त्यात साखर असते. तेलानं निघतं त्यात बहुधा राळ असते, म्हणजे चीडाच्या झाडाचा डिंक. राळेची ॲलर्जी काही जणींना असते. हातावर चट्टे उठतात, खाज सुटते, आणि दोष चॉकलेटला जातो. म्हणून नव्या वॅक्सचा छोटा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहायची.

यापुढचा प्रसंग माझ्या चुकीचा आहे. लग्नाला चार दिवस राहिलेली एक मुलगी ओठावरची लव काढायला आली. मी नेहमीसारखी पट्टी ओढली. पट्टीबरोबर त्वचेचा पातळ पापुद्रा आला. ती ओरडली नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिली. मग कळलं, तिला मुरमांसाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या होत्या. या गोळ्यांनी त्वचा नाजूक होते. त्या चालू असताना वॅक्स करायचं नाही, आणि बंद केल्यावरही साधारण सहा महिने करू नये, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. ती गोळ्या घेते हे तिनं मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. त्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंत ओठावर त्याचा डाग आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला जखम झाली की नंतर काळा डाग पडतो आणि महिनोन्‌महिने राहतो. तिनं मला कधी दोष दिला नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी एक वही आणली.

ती वही माझ्या दुकानातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. नव्या बाईचा हात धरण्याआधी मी विचारते. ताई, मुरमांची काही गोळी किंवा क्रीम चालू आहे? चेहरा उजळायला ट्यूब लावता का? हा प्रश्न मी दोनदा विचारते, कारण लोक ट्यूबला औषध समजत नाहीत. शेजारणीनं सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, आणि महिनोन्‌महिने लावून चेहऱ्याची त्वचा कागदासारखी होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी घराघरांत ती आहेत. मग पुढचे प्रश्न. शुगर आहे का? रक्त पातळ करायची गोळी? पायावर फुगलेल्या शिरा? नुकतं लेझर किंवा पील केलंय? ओठाभोवती किंवा आतल्या भागात विषाणूचे फोड येतात का? फोड असतील तर त्या दिवशी काम नाही, कारण पट्टी ते पसरवते. शुगर असलेल्या बाईला मी नकार देत नाही, पण जखम लवकर भरत नाही म्हणून पायाला फार जपून हात लावते आणि डॉक्टरांना विचारायला सांगते. चामखीळ, तीळ, उन्हानं भाजलेली जागा सोडून देते.

एक प्रश्न मी हळू आवाजात विचारते. हनुवटीवर जाड केस येणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी आई घेऊन येते आणि म्हणते, दर पंधरा दिवसांनी काढत जा. मी मुलीला विचारते, पाळी नियमित येते का? बहुतेकदा उत्तर आई देते. अंडाशयाच्या पीसीओएस नावाच्या तक्रारीत असे केस येतात. ते काढून तक्रार जात नाही, आणि ती तक्रार लपवण्याचं काम माझ्या पट्टीनं करू नये असं मला वाटतं. अशा मुलींना मी आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवते. काही आया परत येत नाहीत. येत नाहीत तर न येवोत.

खेचण्याचं तंत्र इथे सगळ्यांसमोर फार सांगत नाही, ते वर्गात शिकवते. एवढंच, की वॅक्स केसांच्या दिशेनं लावायचं, दुसऱ्या हातानं त्वचा ताणून धरायची आणि पट्टी उलट दिशेला त्वचेला समांतर ओढायची. वर आकाशाकडे ओढली तर केस मध्येच तुटतो, त्वचा निळी पडते आणि तुटका केस पुढे आतल्या आत वळतो. केस गव्हाच्या दाण्याएवढा, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर वाढलेला हवा. एका जागेवर दोनदा पट्टी, तिसऱ्यांदा नाही. राहिलेला केस चिमट्यानं.

आणि आता घरी गेल्यावरचं. पैसे दिले की काम संपलं असं वाटतं. माझ्या हिशेबानं वॅक्सचं निम्मं काम पुढच्या दोन दिवसांत होतं, आणि ते गिऱ्हाइकानं करायचं असतं. त्या दिवशी गरम पाण्याची आंघोळ नाही, कोमट किंवा गार. काखेत डिओ नाही, अत्तर नाही. घाम येईल असा व्यायाम नाही, पोहणं नाही. उन्हात हात उघडे नाहीत. अंगाला चिकटणारा नायलॉनचा कपडा नाही, सैल सुती. आग होत असेल तर गार पाण्याची घडी किंवा साधी वास नसलेली कोरफड जेल. लाल ठिपके एक-दोन दिवसांत जातात. दोन-तीन दिवसांनी मऊ कापडानं किंवा उटण्यानं हलक्या हातानं चोळायला सुरुवात करायची, आठवड्यातून दोनदा, म्हणजे नवे केस आत वळत नाहीत. पू आला, लाली पसरत चालली, ताप आला, तर पार्लरला फोन नको, थेट डॉक्टर. आणि चुकून भाजलंच, तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही.

आपल्या माळव्यात हे सगळं मोडतं ते नवरात्रात. घटस्थापनेच्या दुपारी माझ्याकडे मुलींची रांग असते. पाठ, हात, सगळं करायचं, कारण संध्याकाळी गरब्याला पाठ उघडी असलेली चोळी. त्याच रात्री तीन-चार तास नाचणं, घाम, जरीचा खरखरीत काठ, उघडी छिद्रं. तिसऱ्या दिवशी पाठभर पुळ्या. पहाटे टेकरीवर माताजीच्या दर्शनाला चढताना त्याच पाठीवर पुन्हा घाम. मी आता घटस्थापनेच्या दिवशी पाठीचं वॅक्स करत नाही. कितीही ओळखीची असली तरी नाही. दोन-तीन दिवस आधी या, नाहीतर पाठ झाकणारी चोळी घाला. पहिल्या वर्षी पुष्कळ मुली दुसरीकडे गेल्या. त्यातल्या काही पाठ दाखवायला परत आल्या. रंगपंचमीचंही तसंच. आदल्या दिवशी वॅक्स केलेल्या हातावर गुलाल आणि पक्का रंग जाऊ नये. निदान तीन दिवसांचं अंतर ठेवा, आणि खेळायच्या दिवशी खोबरेल तेल लावून बाहेर पडा.

अध्यक्षांनी वेळ झाल्याची खूण केली आहे. दारापाशी टेबलावर माझ्या वहीतल्या प्रश्नांचे छापलेले कागद ठेवले आहेत, मराठीत आणि हिंदीत. ज्यांचं पार्लर आहे त्यांनी दोन-दोन न्या. शेजारी लाकडी काड्यांची दोन पुडकीही आहेत, ती धारच्या मुलींसाठी आहेत. त्यांना इंदूरला पुढची बस गाठायची आहे, तेव्हा आधी त्यांना वाट द्या.