तारुण्याची सुई आणि कर्करोगाचे भय



म्हातारपण थोपवणारी म्हणून पेप्टाइडांची जी इंजेक्शने हल्ली विकली जातात, ती घ्यावीत काय आणि त्यांनी कर्करोग होतो काय, असा प्रश्न आज माझ्यापुढे ठेवलेला आहे. म्हातारपणाचा कंटाळा आजकालचा नव्हे. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले, आणि त्यांच्या नावाचा प्राश अजून घरोघर चाटला जातो. त्या बरणीत निदान आवळा आहे हे आपल्याला ठाऊक असते. या कुपीत काय असते?

प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांचीच आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. शरीर अशा माळांकडून निरोप्याचे काम करून घेते. इन्शुलीन हे 51 मण्यांचे, दुपदरी पेप्टाइडच. 1922 साली टोरांटोत ते पहिल्यांदा रोग्याला टोचले, आणि तेव्हापासून किती जीव वाचले याची गणती नाही. तेव्हा नुसत्या नावाने दचकू नये. निरोप कोणता, ते विचारावे.

तारुण्याच्या बाजारातला निरोप बहुधा एकच असतो : वाढा! 1990 साली अमेरिकेत डॅनियल रडमन यांनी साठीपलीकडच्या 12 पुरुषांना सहा महिने वाढीचे हार्मोन दिले. चरबी घटली, अंग भरले. बारा माणसे आणि सहा महिने, एवढ्या भांडवलावर केवढा व्यापार उभा राहिला पाहा! मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीला हेच हार्मोन अधिक सोडायला लावणारी पेप्टाइडेही आहेत.

आपण भातशेती करणारी माणसे आहोत. खाचरात खत टाकले की ते भाताला मिळते तसे तणालाही मिळते. खताला भेद कळत नाही. वाढीच्या हार्मोनमुळे यकृतातून दुसरा एक वृद्धिकारक पदार्थ निघतो. तो पेशींना विभागायला सांगतो आणि मरू घातलेल्या पेशींना जगवतो. इक्वेडोरमध्ये जन्मतःच या हार्मोनला दाद न देणारी ठेंगणी माणसे आहेत. त्यांच्यापैकी सुमारे शंभरांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात कर्करोग एकालाच झालेला आढळला, आणि तोही जीवघेणा नव्हता.

हार्मोन आणि कर्करोग यांचे नाते आपल्याकडेही तपासले गेले आहे. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचे काम केले, त्यात हा धागा होता.

दुसरी जात जखमा भरून काढणाऱ्या पेप्टाइडांची. बीपीसी-157 हे त्यांतले गाजलेले नाव. उंदीर-घुशींत ते नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करते असे दिसले. दुखऱ्या गुडघ्याला हे बरेच. पण गाठीलाही वाढायला नव्या रक्तवाहिन्याच लागतात, हे जुडा फोकमन यांनी 1971 साली मांडले होते. एखाद्याच्या अंगात न कळलेली बारीक गाठ असेल तर काय?

या पेप्टाइडाने माणसाला कर्करोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. विक्रेते एवढेच वाक्य सांगतात. पुष्कळ माणसांना देऊन, वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेली पाहणीच नाही, मग सिद्ध काय होणार? टेरिपॅराटाइड या हाडांच्या औषधाची गोष्ट उलट आहे. उंदरांत हाडांचा कर्करोग दिसला म्हणून 2002 साली अमेरिकेत ते कडक इशाऱ्यासह विकायला आले. पुढे रोग्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली, भीती खरी ठरली नाही, आणि 2020 साली तो इशारा काढला गेला. नोंद ठेवली म्हणून तो काढता आला. टपालाने येणाऱ्या कुपीची नोंद कोण ठेवतो? तिच्यावर तर पुष्कळदा छापलेलेच असते, की हे केवळ संशोधनासाठी आहे, माणसांसाठी नाही. छापणाराचा त्यात बचाव आहे. टोचून घेणाराचा मात्र नाही.

ज्यांना स्वतःला कर्करोग होऊन गेला आहे, किंवा ज्यांच्या गाठीचा तपास चालू आहे, त्यांनी या सुईपासून दूरच राहावे. कोणी आधीच घेत असेल तर ती कुपी घेऊन डॉक्टरांकडे जावे. लाजून लपवू नये. आणि मधुमेहासाठी इन्शुलीन घेणाऱ्यांनी माझे बोलणे ऐकून उद्या सकाळची मात्रा चुकवू नये. ती सुई वेगळी.