तास भरले, पण भार किती?



भारतीय खाण ब्युरो, मॉयल आणि वेस्टर्न कोलफील्ड्स यांची मुख्यालये असलेल्या नागपुरात स्वागत समिती सर्वांचे मनापासून स्वागत करते. चंद्रपूर-वणीकडून रात्रपाळी उतरून थेट आलेल्यांचे अंमळ जास्तच. चहा तयार आहे.

खाणयंत्रांवरचा भार आणि झीज मोजणे हा आजचा विषय ऐकायला रुक्ष. पण सिंगरौलीच्या जयंत खाणीतली ड्रॅगलाइन ज्याने चालताना पाहिली, तो तसे म्हणणार नाही. तिचे नाव '24/96', म्हणजे 24 घनमीटरची बकेट आणि 96 मीटरची बूम. बकेट भरते, अख्खे धूड गरकन फिरते, माती टाकून परत येते. सुमारे मिनिटाची एक फेरी, आणि दर फेरीला बूमच्या प्रत्येक जोडावर ताण चढतो नि ओसरतो.

हा ताण मोजणारा स्ट्रेन गेज अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी 1938 मध्ये स्वतंत्रपणे शोधला. चिकटवलेली बारीक तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, एवढेच त्याचे मर्म. वेड्यावाकड्या नोंदींतून ताणाची आवर्तने वेचायची 'रेनफ्लो' रीत जपानच्या मात्सुईशी आणि एंडो यांनी 1968 मध्ये दिली. पॅगोडाच्या छपरांवरून ओघळणाऱ्या पावसावरून हे नाव पडले.

गणित मात्र निष्ठुर आहे. वेल्ड केलेल्या जोडाचे आयुष्य ताणाच्या पल्ल्याच्या साधारण घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. पल्ला 20 टक्के वाढला, की आयुष्य जवळपास 40 टक्क्यांनी घटते. म्हणजे लॉगबुकात सारखेच तास भरलेली दोन यंत्रे सारखी जुनी नसतात! तरी देखभाल तासांवरच बेतायची, हा हट्ट आता सुटायला हवा.

झीज तेलात वाचता येते. गिअरबॉक्सच्या तेलात लोह वाढले तर दातेरी चाकांकडे पाहावे, तांबे वाढले तर बुशकडे. सिलिकॉन वाढले तर बहुधा धूळ शिरते आहे, आधी सील आणि ब्रीदर तपासावा. डंपरमधला माल सस्पेन्शनच्या दाबावरून कळतो. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांतल्या दाबांची तुलना केली, की खड्ड्यांनी चासीला किती पिळले तेही कळते.

सभागृहातल्या पहिल्या दोन रांगा फिटर आणि ऑपरेटर यांच्यासाठी राखल्या आहेत. प्राध्यापकांनी कृपया मागे बसावे. कुणी तडकलेली पिन किंवा झिजलेला बकेटचा दात आणला असेल, तर तो पिशवीत ठेवू नये. दाराशी त्यासाठी टेबल मांडले आहे.