दारुहळदीची परीक्षा



मराठी कुटुंब कोणत्याही प्रांतात स्थिरावले, तरी आजीचा बटवा त्याच्यासोबत गेला. त्या बटव्याविषयी घरोघरी दोन टोकांची मते ऐकू येतात. एकाच्या मते पूर्वजांनी सांगितले तेच प्रमाण. दुसऱ्याच्या मते ती निव्वळ भाबडी समजूत. दोघेही एक गोष्ट टाळतात, ती म्हणजे परीक्षा.

दारुहळदीचेच उदाहरण घ्यावे. हिमालयात वाढणारे हे काटेरी झुडूप स्वयंपाकघरातील हळदीचे आप्त नव्हे. लाकूड पिवळे, म्हणून हे नाव. तिच्या काढ्यात दूध घालून आटवलेले रसांजन आयुर्वेदाने नेत्रविकारांवर सांगितले. लाकडाला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे बर्बेरीन.

एखादी वनस्पती जंतुनाशक आहे काय, हे पाहण्याची रीत साधी आहे. अगारच्या तबकडीवर जंतू पसरतात. तीत खळगे करून एकात वनस्पतीचा अर्क, दुसऱ्यात नुसता विद्रावक आणि तिसऱ्यात परिचित प्रतिजैविक घालतात. दुसऱ्या दिवशी खळग्यांभोवती उमटलेली जंतुविरहित वर्तुळे मोजतात. नुसत्या विद्रावकाभोवतीही तेवढेच वर्तुळ उमटले, तर श्रेय वनस्पतीचे नव्हे. तो दुसरा खळगा हाच प्रयोगाचा प्रामाणिकपणा.

शुद्ध बर्बेरीन स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूपुढे दुबळे ठरते. कारण जंतू आपल्या पेशीतील पंपाने ते बाहेर फेकतो. एवढ्यावरच निकाल दिला असता, तर परंपरा खोटी ठरली असती. परंतु २००० साली फ्रँक स्टरमिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारुहळदीच्याच प्रजातीतील अमेरिकी झुडपांत दुसरे एक द्रव्य दाखवून दिले. ते स्वतः जंतू मारत नाही. मात्र तो पंप अडवते आणि त्यामुळे बर्बेरीनचा प्रभाव वाढतो. चालमोगऱ्याच्या तेलातही हेच द्रव्य अल्प प्रमाणात पूर्वी आढळले होते.

तथापि, तबकडीत जंतू मरणे म्हणजे रोगी बरा होणे नव्हे. पोटातून घेतलेले बर्बेरीन रक्तात फार थोडे उतरते, आणि नवजात अर्भकाची कावीळ ते वाढवू शकते. जुने ते सारे निर्धोक, हे मानणेही तितकेच घातक.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. नव्या औषधांची वाट कदाचित जुन्या झाडांवरून जात असेल; पण ती चालण्यासाठी ‘नाही’ हे उत्तरही निर्भयपणे वहीत लिहिणारी मुले हवीत. शाळेने साठ वर्षांत विज्ञान शिकवले ते याचसाठी. मुलाने घरी येऊन, “आजी, हे खरे कशावरून?” असे विचारले, तर पालकांनी त्याला उद्धट म्हणू नये. तो आजीचा बटवा फेकून देत नसतो. तो उघडून पाहत असतो.