मालक गावात नाही, मग सही कोणाची?

आजचा विषय आपल्या बुलढाण्याचा, आणि घराघरातला.

सिंदखेडराजाच्या जिजाऊ तर सगळ्यांना माहीत. 1636 नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. पुण्याची जहागीर त्यांच्या नावाची, पण तिथे राहिल्या जिजाऊ. त्यांच्या नजरेखाली कारभार चालला, तंटे त्यांच्यापुढे येत. नवरा दूर, पण बाईचा शब्द चालायचा.

आता आज. समजा, नवरा चाकणला कंपनीत आहे. मेहकरजवळच्या वावरात बायको राबते. पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याने धुरा कोरला, वाट अडवली. ती तहसीलला गेली, तर पहिला प्रश्न काय? “सातबारा कोणाच्या नावावर?”

हा प्रश्न ऐकून राग येतो, पण कायद्यात तो बरोबर आहे. लग्न झालं म्हणून बायकोला नवऱ्याच्या जमिनीची तडजोड करायचा अधिकार आपोआप मिळत नाही. उलटही तेच. जमीन बायकोच्या नावावर असेल, तर नवऱ्याने परस्पर केलेली तडजोड तिच्यावर बंधनकारक नाही. नातं आहे, पण नातं म्हणजे अधिकारपत्र नव्हे.

आणि वाट पाहणं महाग पडतं. वाट अडवल्याची दाद मामलेदार न्यायालय कायदा, 1906 खाली तहसीलदाराकडे मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. “दिवाळीला ते आले की बघू” म्हणताना मुदत निघून जाते.

मग करायचं काय? मुखत्यारपत्र. मालक लिहून देतो की माझ्या वतीने ही कामं माझी बायको करील. माझं म्हणणं, गट नंबर टाकून खास मुखत्यारपत्र करा आणि कामं एकेक लिहा: अर्ज करणे, मोजणीला हजर राहणे, वकील लावणे. तडजोड करायचा अधिकार द्यायचा असेल तर तो शब्द स्पष्ट हवा. विक्रीचा अधिकार गरज नसेल तर घालूच नका. मालक परदेशात असेल तर भारतीय वकिलातीत सही करता येते. कागद इथे आला की तीन महिन्यांत मुद्रांक लावायचा.

पण या कागदालाही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलं की मुखत्यार मालकाच्या जागी उभा राहून, फक्त मालकालाच माहीत असलेल्या गोष्टींची साक्ष देऊ शकत नाही. त्या खटल्यात तर नवराच बायकोच्या वतीने साक्षीला उभा होता.

पण नीट ऐका. दिवाणी दाव्यात नवरा-बायको एकमेकांसाठी साक्षीदार होऊ शकतात. धुरा कुठे होता, कोणी कोरला, हे जिने डोळ्यांनी पाहिलं तिने ते स्वतःच्या नावाने सांगावं. ती साक्ष तिची स्वतःची. आणि खरं सांगू का, वावराबद्दल चाकणवाल्यापेक्षा तिलाच जास्त माहीत असतं.

गावात बसून तोंडी केलेल्या ‘आपसी’वरही विसंबू नका. जमिनीचा हक्क इकडून तिकडे जात असेल, तर दस्ताची नोंदणी लागते.

आणखी एक वाट आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती. 1992 मध्ये सरकारनेही त्याच नावाने सोय केली. नवऱ्याने स्वतः अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. मग “तुम्ही कोण?” हा प्रश्नच उरत नाही. नवऱ्याच्या हिश्शासाठी मात्र मुखत्यारपत्र लागेलच.

तर मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईच्या खोलीवर हे ऐकत असाल आणि गावाकडचं वावर घरची बाई सांभाळत असेल. पुढच्या सुट्टीत एक दिवस या कागदासाठी काढा. भांडण झाल्यावर नाही, आधी.

भेटू पुढच्या भागात. जय जिजाऊ!