अंतर किती ठेवायचे? – व्यक्तिचित्रासाठी लेन्स निवडताना

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या छायाचित्रण शिबिरातील भाषणाचे हे शब्दांकन. – संपादक मंडळ)



सकाळी तुम्ही चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिलेत. त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. ‘संस्थेने कॅमेरा घेतला, आता बायकांचे चेहऱ्याचे फोटो काढायला लेन्स कोणती घ्यावी?’ दुकानदाराला विचारावे तर तो सर्वांत महाग ती पुढे करतो. ओळखीतल्या फोटोग्राफर दादाला विचारावे तर तो आकड्यांत बोलतो. त्यामुळे यंत्राचे काम पुरुषांचे, आपण फक्त ‘काढ ना एक फोटो’ म्हणायचे, ही जुनीच वाटणी आपल्या संघटनांतही चालू राहते. म्हणून आज आकड्यांची भीती आधी घालवू.

मी व्यवसायाने छायाचित्रकार नाही. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, वस्त्यांमध्ये आणि सल्ला केंद्रात काम करणारी कार्यकर्ती आहे. अहवाल, पोस्टर, प्रदर्शन यांच्या निमित्ताने कॅमेरा हातात आला. पण लेन्सचा प्रश्न मला परका वाटला नाही, कारण समाजकार्याच्या पहिल्याच वर्षी आम्हाला असाच एक प्रश्न शिकवला होता : मुलाखतीला आलेल्या बाईची खुर्ची आपल्यापासून किती अंतरावर ठेवायची? फार दूर ठेवली तर ती साहेबासमोर बसल्यासारखी बसते. फार जवळ ठेवली तर अंग चोरते. लेन्स निवडणे म्हणजे हेच अंतर निवडणे. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचा त्याचा विस्तार.

लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा लिहिलेला असतो, तो मोठा असेल तर दृश्याचा लहानसा तुकडा मोठा होऊन दिसतो. आकडा लहान असेल तर पुष्कळ दृश्य एकदम मावते. आता समजा, आपल्याला एका बाईचा डोक्यापासून छातीपर्यंतचा उभा फोटो हवा आहे. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर असलेला कॅमेरा धरला, तर ८५ची लेन्स लावून आपल्याला तिच्यापासून साधारण पाच फुटांवर उभे राहावे लागते. ५०ची लावली तर तीन फुटांवर. २००ची लावली तर अकरा फुटांवर. आणि मोबाइलची नेहमीची लेन्स, जी या हिशेबात २४ ते २८च्या आसपास येते, ती वापरली तर दीड फुटावर. दीड फूट म्हणजे एक हात! बाईच्या तोंडापुढे एका हातावर मोबाइल धरून आपण तिला ‘हसा ना मावशी’ म्हणत असतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘लेन्स चेहरा बिघडवते’ असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. चेहऱ्याची ठेवण बदलते ती अंतरामुळे. एका हातावरून पाहिले तर नाक जवळ आणि कान त्या मानाने बरेच लांब असतात, म्हणून नाक फुगते आणि कान मागे पळतात. पाच फुटांवरून नाक आणि कान यांच्या अंतरातला हा फरक नगण्य होतो आणि माणूस समोर बसल्यावर दिसतो तसा दिसतो. लेन्स फक्त आपल्याला त्या अंतरावर जायला लावते.

ही गोष्ट किती गंभीर होऊ शकते पाहा. २०१८ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे डॉ. बोरिस पास्खोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवले की, बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. सेल्फी दाखवून नाक लहान करून मागणारे लोक शस्त्रक्रियेसाठी येऊ लागले, म्हणून हा अभ्यास झाला. आपल्या वस्तीतल्या मुलीही त्याच मोबाइलकडे पाहून ‘माझं नाक नकटं, माझा चेहरा वाईट’ म्हणतात. त्यांना सौंदर्याच्या बाजारावर भाषण देण्याआधी एकदा हात लांब करून, मग पाच फुटांवरून, असे दोन फोटो काढून दाखवा. भाषणाचे निम्मे काम तिथेच होते.

मग दुसऱ्या टोकाला जायचे का? २०० किंवा ३००ची लांब लेन्स घ्यायची का? मोर्चात ती उपयोगी पडते. लाठी उगारणाऱ्या हाताचा फोटो पाच फुटांवरून काढता येत नाही. पण व्यक्तिचित्रासाठी तिचे एक दुखणे आहे. लांब लेन्सने बाईला कळू न देता तिचा फोटो काढता येतो. ‘नैसर्गिक भाव टिपला’ म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. पण नळावर भांडणारी, दवाखान्याबाहेर रडणारी, पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेली बाई त्या क्षणी ‘नको’ म्हणू शकत नाही, कारण तिला विचारलेलेच नसते. रस्त्यावर बाईकडे लांबून टक लावून पाहणाऱ्यांविरुद्ध आपण बोलतो. आपल्या हातातल्या यंत्राला तो नियम लागू नाही का?

म्हणून माझे मत असे की, आपल्या कामासाठी ८५ ते १०५ची लेन्स योग्य. पाच-सहा फुटांचे अंतर हे ओटीवर समोरासमोर बसून बोलण्याचे अंतर आहे. आवाज न चढवता बोलता येते, ती आपला चेहरा पाहू शकते आणि ‘बाई, हा फोटो नको’ असे सांगू शकते. चेहऱ्याची ठेवणही नीट राहते. खर्चाची काळजी करू नका. बहुतेक संस्थांकडे लहान सेन्सरचा कॅमेरा असतो. त्यावर ५०ची लेन्स ७५ किंवा ८०सारखी वागते. आणि ५०ची, एफ १.८ लिहिलेली लेन्स ही जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. तेवढेही जमत नसेल तर कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ची झूम लेन्स ५५वर ठेवा आणि उजेडात, दारात किंवा खिडकीजवळ फोटो घ्या. मोबाइलच असेल तर दोन पावले मागे सरा आणि दोनपट करून काढा. अंतर सुधारले की निम्मा फोटो सुधारतो.

आता त्या एफ १.८बद्दल. हा आकडा जितका लहान तितका लेन्सचा डोळा मोठा, कमी उजेडात काम भागते आणि पाठीमागचे सगळे धूसर होते. दुकानात याचीच जाहिरात करतात. पण धूसर काय होते ते विचारा. ऊसतोडणीच्या फडात उभी असलेली बाई, तिच्यामागची मोळी, बैलगाडी, कोपी हे सगळे पुसून नुसता सुरकुतलेला चेहरा ठेवला, तर ती कष्टकरी राहत नाही, ‘गरीब स्त्रीचा चेहरा’ होते. तिचे काम दाखवायचे असेल तर ३५ची लेन्स घ्या, साडेसहा-सात फुटांवर उभ्या राहा आणि आकडा एफ ८पर्यंत वाढवा. ती पायापासून डोक्यापर्यंत मावेल आणि तिच्या हातातला कोयताही दिसेल. चेहराच हवा असेल तेव्हाही एफ १.८वर फार विसंबू नका. जवळून एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट होतो. एफ ४ बहुधा पुरते.

मात्र चांगली लेन्स म्हणजे चांगला व्यवहार नव्हे. जगातले बहुधा सर्वांत गाजलेले व्यक्तिचित्र घ्या. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो १०५ मिलिमीटरच्या लेन्सने काढला. जून १९८५मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर पोहोचला. पण त्या मुलीचे नाव कोणी लिहून घेतले नव्हते. ते जगाला कळले २००२ साली, तिला शोधून काढल्यावर. शरबत गुला. तोवर ती मुलाबाळांची आई झाली होती. अंतर बरोबर, उजेड बरोबर, चेहरा अप्रतिम, आणि नाव नाही! आपल्या संघटनांच्या अहवालांत ‘लाभार्थी महिला’ एवढीच ओळ खाली असते, तेव्हा आपण काही वेगळे करत नसतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याच चळवळीतले. दिल्लीच्या शीबा छाछी १९८०च्या दशकात हुंडाबळीविरोधी निदर्शनांचे फोटो काढत होत्या. पुढे त्यांना वाटू लागले की, उंचावलेल्या मुठी आणि आक्रोश यांत बायांचे बाकीचे आयुष्य हरवते. मग त्यांनी सात कार्यकर्त्यांबरोबर बसून त्यांची व्यक्तिचित्रे घडवली. कुठे बसायचे, सोबत कोणत्या वस्तू ठेवायच्या, कशी नजर द्यायची, हे त्या त्या बाईने ठरवले. ‘सेव्हन लाइव्हज अँड अ ड्रीम’ या त्यांच्या मालिकेत ही चित्रे आहेत. आपणही एवढे करू शकतो : फोटो काढण्याआधी कॅमेरा तिच्या हातात देऊन तिला आपल्याकडे पाहू द्यायचे. अंतर दोन्ही बाजूंनी कळते.

होमाई व्यारावाला, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, यांच्या कॅमेऱ्यांत एक रोलिफ्लेक्स होता. त्याची लेन्स बदलता येत नसे. मोठा चेहरा हवा असेल तर स्वतः चालत जवळ जावे लागे. लेन्स कमी असतील तर वाईट वाटून घेऊ नका. पाय असले की भागते.

शेवटी, जिथे कोणतीच लेन्स योग्य नाही त्याबद्दल. बलात्कारपीडित स्त्रीची ओळख तिच्या लेखी परवानगीवाचून छापणे गुन्हा आहे. १९८३ साली दंड संहितेत त्यासाठी कलम २२८-अ आले, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. मुलांसाठी २०१२चा पॉक्सो कायदा आहे. ‘पाठमोरी घेतली’, ‘धूसर केली’ यावर विसंबू नका. गोंदण, बांगडी, लुगड्याचा काठ, मागची भिंत यांवरून गावाला माणूस ओळखू येतो. नवऱ्याच्या मारातून निघून आलेल्या बाईलाही हाच विचार लावा. अशा वेळी कॅमेरा पिशवीत राहू द्यावा.

आता गट करून बसा. दोघी-दोघींनी एकमेकींपासून एक हात, तीन फूट, पाच फूट आणि अकरा फूट अशा अंतरांवरून फोटो घ्या. दुपारी ते भिंतीवर लावू. प्रत्येकीने सांगायचे ते ‘माझा फोटो कसा आलाय’ हे नव्हे. फोटो काढला जात असताना कोणत्या अंतरावर मला मोकळे वाटले, ते सांगायचे. जो आकडा बहुतेकींकडून येईल, त्याच अंतराची लेन्स संस्थेने विकत घ्यावी.