अफवा, पूर्वग्रह आणि आपली जबाबदारी
(चरोदा येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



चरोद्याची ओळख भिलाई मार्शलिंग यार्डामुळे. येथे अनेकांची हयात रेल्वेत गेली आहे. म्हणून रेल्वेच्याच एका शिस्तीपासून आरंभ करतो. पुढच्या स्टेशनने फोनवर ‘लाइन क्लिअर’ दिली, तरी स्टेशन मास्तर नुसत्या आवाजावर गाडी सोडत नाही. प्रायव्हेट नंबर घेऊन तो नोंदवून ठेवतो. इंजिनात चालक आणि सहचालक सिग्नल मोठ्याने पुकारतात. चालक अनाडी असतो म्हणून हा नियम नाही. रोज हिरवा दिसणारा सिग्नल आजही हिरवाच असणार, असे अनुभवी मन धरून चालते आणि डोळ्याला अपेक्षित तेच दिसते. धोका अज्ञानात असतो, तितकाच सवयीतही असतो.

मालगाडीसाठी घेतली जाणारी ही काळजी माणसाच्या जिवाशी निगडित बातमी ऐकताना आपण घेतो काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या वर्षी देशभर मोबाइलवरून अशाच चित्रफिती फिरत होत्या. त्यांतील एक तर मुळात कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग तेवढा कापून टाकला होता.

बातमी खोटी होती, एवढे म्हणून भागत नाही. ती रुजली कशी, हा खरा प्रश्न आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. मनावरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. भटका आणि परका माणूस दिसताच संशय आधी उभा राहतो आणि पुरावा मागाहून शोधला जातो. छत्तीसगडात बाईला टोनही ठरवून छळण्याची रीतही अशीच आहे. तिच्याविरुद्ध २००५ साली कायदा झाला. कायदा हात धरू शकतो. विचार आपल्यालाच करावा लागतो.

परंतु पूर्वग्रह केवळ इतरांचे असतात, असे समजणे हाही पूर्वग्रहच होय. आपल्याला न रुचणारी बातमी आपण कसून तपासतो, रुचणारी मात्र तशीच पुढे पाठवितो. १ जुलै १९९२ रोजी येथून जवळच भिलाई पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक कामगार मारले गेले. अशा वेळी संताप रास्तच असतो. तथापि संतापाच्या भरात कोणी फुगवलेला आकडा सांगितला आणि आपण तो न पारखता फैलावला, तर त्या एका आकड्याचा आधार घेऊन विरोधक खऱ्या मृतांनाही खोटे ठरवू पाहतो. हुतात्म्यांची मोजदाद नावानिशी झाली पाहिजे. सत्याला अतिशयोक्तीच्या टेकूची गरज नसते.

म्हणून कोणतीही बातमी पुढे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ही प्रत्यक्ष कोणी पाहिली? ती कोठली व केव्हाची? ती पसरल्याने कोणाचा लाभ होतो? आणि सर्वांत अवघड प्रश्न: हीच बातमी माझ्या बाजूच्या माणसाविरुद्ध असती, तर इतक्याच पुराव्यावर मी ती मानली असती काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर थांबावे.

१८६५ साली मुलींनी विचारलेल्या प्रश्नावलीत मार्क्सने आपले आवडते बोधवाक्य दिले होते: सर्व गोष्टींविषयी शंका घ्यावी. या ‘सर्व’ मध्ये स्वतःची मतेही आली. शंका घेणे म्हणजे निष्क्रिय बसणे नव्हे. सिग्नल पुकारून घेणारी गाडीही पुढेच जाते. वस्तीत उद्या एखाद्या अनोळखी माणसाभोवती गर्दी जमली, तर आपल्यापैकी एकाने तरी पुढे होऊन मोठ्याने विचारावे, “पाहिले कोणी?” त्या एका प्रश्नाने कोणाचा तरी जीव वाचू शकतो.